बेंजो एकदा समोर बसून ऐका

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू तिथे वाजवून गेले, तेही भारतात पहिल्यांदाच. दोन्ही वेळा मला मनापासून आनंद झाला होता. रात्री झोपायला घरी येण्यापुरतं शहर, अशीच नवी मुंबईची ओळख वर्षानुवर्षं होती. तिथे गाणं ऐकायला देशभरातून माणसं आली, जुईनगर-नेरूळच्या रस्त्यांवर पोरंपोरी उशिरापर्यंत गात चालली होती. फार छान वाटलं.

पण त्याच स्टेडियमपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर शिरवणे गाव आहे. पुढे नेरूळ गाव, दारावे, करावे, सारसोळे. लग्नसराईत या गावांत हळदीच्या रात्री बेंजो वाजतो, म्हणजे तारांचं, बटणांचं एक वाद्य आणि त्याच्या साथीला ढोलकी-ताशाचं पथक. सेक्टरांत राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी तो समोर उभं राहून, वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघत ऐकलाय? आपण त्याच्यावर नाचतो, मिरवणुकीचा व्हिडिओ काढतो, नाहीतर खिडकी लावून घेतो. ऐकत कुणीच नाही. माझं ठाम मत आहे की ठाणे-नवी मुंबईचा स्वतःचा बँड हाच आहे, आणि तो तिकीट काढून, खुर्चीवर बसून ऐकावा इतक्या तोलाचा आहे.

हे मी कुठल्या अधिकाराने म्हणते? फक्त ऐकणारीच्या. मला कुठलंही वाद्य वाजवता येत नाही. पण कळायला लागल्यापासून मी गाणं ऐकत आलेय आणि शक्य तिथे वाजवणाऱ्यांच्या समोर जाऊन ऐकत आलेय.

मी वाशीत वाढले. घर सिडकोचं, वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत. गाणं ऐकायला जायचं म्हणजे तेव्हा ठाण्याला जायचं. मावशी नौपाड्यात राहायची. तिच्याकडे मुक्काम आणि संध्याकाळी तलावपाळीवरून चालत गडकरी रंगायतन. भावगीतं, नाट्यगीतं, ऑर्केस्ट्रा, जे असेल ते. वडील शक्यतो कडेच्या खुर्च्यांची तिकिटं काढायचे, कारण तिथून तबलजीचे हात दिसायचे. गायक सगळ्यांनाच दिसतो, तू वाजवणाऱ्याकडे बघ, असं ते मला सांगायचे. ते अंगात भिनलं. आजही कुठल्याही कार्यक्रमात माझे डोळे आधी मागच्या रांगेतल्या वादकांकडे जातात.

कॉलेजात रॉकचं वेड लागलं. धोबी तलावजवळच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं. १९८६ पासून चालत आलेला तो महोत्सव आमच्या पिढीने डोक्यावर घेतला होता. आपल्याच शहरातली, आपल्याच वयाची पोरं गिटार घेऊन उभी राहतात आणि समोरच्या हजारो माणसांच्या अंगावर काटा आणतात, हे मी तिथे पाहिलं. पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. रंगभवन नेमकं त्यात सापडलं आणि तिथलं वाजणं थांबलं. रुग्णालयाशेजारी शांतता हवी यात वादच नाही. पण एक मंच बंद करताना त्या पोरांनी आता कुठे वाजवायचं, याचा विचार कुणी केला नाही. हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय, आणि आज मला तोच प्रश्न बेंजोवाल्यांसाठी विचारायचाय.

बेंजो मला दाखवला शाळेतल्या मैत्रिणीने. ती कोपरखैरणे गावातली, आगरी. तिच्या मोठ्या बहिणीच्या हळदीला आम्ही मुली गेलो होतो आणि मी सगळी रात्र वाजवणाऱ्यांच्या शेजारी उभी होते. त्यानंतर घणसोली, तळवली, दिवाळे, ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, जिथे कुणी बोलावलं तिथे गेले.

ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ते वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानमध्ये आहे. १९१२ साली नागोयात तयार झालेलं 'ताइशोगोतो' हे वाद्य फिरत फिरत आपल्याकडे आलं आणि कोकण-मुंबईच्या पोरांनी ते इतकं आपलंसं केलं की परकं वाटायला जागाच उरली नाही. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा, आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात तार छेडायला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा. सुरावटीच्या तारा एकाच स्वरात मिळवलेल्या असतात, पण कितीही मिळवल्या तरी त्यांच्यात केसभर फरक राहतो आणि त्या फरकातूनच बेंजोचा तो झगझगीत, थरथरता आवाज येतो. छेडलेली तार लगेच विझते. म्हणून लांब स्वर धरायचा असेल तर उजवा हात सतत, अतिशय वेगाने चालवावा लागतो. एक गाणं संपेपर्यंत मनगटाचं काय होत असेल! आणि ही पोरं तीन-तीन तास वाजवतात.

बटणं असल्यामुळे मींड घेता येत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. मग गाणाऱ्याची हरकत, म्हणजे गळ्यातली ती चटकन फिरणारी नक्षी, काढायची कशी? शेजारशेजारची दोन-तीन बटणं इतक्या झपाट्याने दाबायची की कानाला ती एकच लकेर वाटावी. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर मोठ्यांचं बघून बघून पोरं शिकतात. स्वरलिपी नाही, वही नाही, गाणं कानाने बसवायचं. दिवसा कुणी महापालिकेत कामाला असतो, कुणी एपीएमसी मार्केटात, कुणी रिक्षा चालवतो. गणपती जवळ आले की रात्री जेवणं आटपून तालीम. बेंजोच्या जोडीला कीबोर्ड, ढोलकी, ताशा, ढोल, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य). आणि खाली तो कोळी ठेका, सहा मात्रांच्या अंगाने होडीसारखा डुलत जाणारा. तो लागला की पाय आपोआप हलतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण ढोलकीवाला डाव्या हाताने घुमारा कधी दाबतो आणि कधी मोकळा सोडतो, हे शांतपणे ऐकायला मिळालं तर कळेल की तो डुलवणारा झोका नेमका कुठून येतो.

आता घणसोली गावातली एक हळद सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे.

रात्रीचे नऊ वाजून गेले होते. बेंजो जोरात होता, मांडवभर पोरं नाचत होती. नवरीला हळद लावायला बायका बसल्या आणि धवलारीण पुढे आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाणारी बाई म्हणजे धवलारीण. लग्नाचे विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतात. सत्तरीच्या पुढची, नऊवारीतली, तोंडात दात थोडेच. तिने हात वर करून "जरा गप रं पोरांनो" एवढंच म्हटलं आणि बेंजो तिथल्या तिथे थांबला, गाणं अर्धवट ठेवून. तिने माइक न घेता धवला सुरू केला.

बेंजो वाजवणारा पोरगा असेल पंचविशीचा. त्याने आवाजाचं बटण अगदी खाली घेतलं आणि हळूच एक बटण दाबून तिचा सूर शोधला. जुळला नाही. शेजारचं दाबलं, तेही नाही. म्हातारीचा सूर दोन बटणांच्या मधे होता. मग त्याने डावा हात बटणांवरून उचलला, कान पेटीला लावला, खुंटी थोडी थोडी पिळत मोकळी तारच तिच्या सुरात आणली आणि नुसता तो एक सूर हलक्या हाताने धरून ठेवला. ढोलकीवाल्याने हात मांडीवर ठेवले होते. म्हातारीने त्याच्याकडे बघितलंही नाही, पण तिचा आवाज भरून आला. पुढची ओळ तिने जरा वर उचलून घेतली. बाजूच्या बायका गायला लागल्या. आपल्याला कुणी ऐकतंय हे त्या पोराच्या मनातही नसेल. मी हातातलं ताट तसंच धरून उभी होते.

जगातल्या मोठ्यात मोठ्या बँडकडे जे असतं ते हेच ना? समोरच्याला ऐकणं, कुठे थांबायचं ते कळणं, आणि वाद्य आपल्या मुठीत असणं.

डीजेला हे करता येत नाही. डीजे लावणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांचंही पोट आहे. पण रेकॉर्ड केलेलं गाणं म्हातारीच्या सुरात येत नाही. आणि डीजे स्वस्त पडतो, भिंतीएवढे स्पीकर दिसायलाही भारदस्त, म्हणून गेल्या काही वर्षांत सुपाऱ्या तिकडे वळल्या. त्याला तोंड द्यायला बेंजो पार्ट्यांनीही मोठाल्या ट्रॉल्या आणल्या, जनरेटर आणले, स्पीकरवर स्पीकर चढवले. इथे मात्र मला त्यांना प्रेमाने आणि स्पष्ट सांगायचंय की हे थांबवा. त्या आवाजात तुमचीच ढोलकी मरते. तारांतला तो केसभर फरक, मनगटाची ती मेहनत, सगळं एका करकरीत गोंगाटात जातं. ज्यात तुम्ही डीजेपेक्षा सरस आहात तेच ऐकू येत नाही, आणि नुसत्या दणक्यात तुम्ही त्याला कधीच हरवू शकणार नाही.

दहा वाजता लाउडस्पीकर बंद व्हायलाच हवा, याही बाबतीत माझं मत पक्कं आहे. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाबद्दल जे सुनावलं, त्याचं मी तेव्हाही स्वागत केलं होतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आजारी माणूस, तान्हं मूल, परीक्षेचा अभ्यास, या सगळ्यांना शांतता हवी. संगीतावर प्रेम करणाऱ्याने तर शांततेसाठी सगळ्यात आधी भांडायला हवं. आवाज आणि संगीत एका पारड्यात टाकून दोन्हीकडून लोक भांडतात, त्याचा मला फार त्रास होतो.

म्हणूनच बंद दाराआडची, शे-दोनशे खुर्च्यांची जागा हवी. मोठी सभागृहं आहेत: वाशीत विष्णुदास भावे, ठाण्यात गडकरी आणि घोडबंदर रोडचं काशिनाथ घाणेकर. पण त्यांचं भाडं हळदीत वाजवणाऱ्या पथकाला परवडणारं नाही आणि तेवढ्या खुर्च्या भरणं सुरुवातीला जमणारही नाही. सभागृहांच्या तालीम खोल्या, समाजमंदिरं, वॉर्डातली बहुउद्देशीय केंद्रं, बेलापूरच्या अर्बन हाटचं आवार, यांतल्या जागा महिन्यातून एका संध्याकाळी स्थानिक वादकांना नाममात्र भाड्यात द्यायला कितीसा खर्च येतो? ठाणे महापालिका पंडित राम मराठ्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते, पी. सावळारामांच्या नावाने पुरस्कार देते. दोघेही ठाण्याचे, दोघेही थोर, आणि शहर त्यांची आठवण ठेवतं याचा मला अभिमान आहे. त्याच अभिमानाने मला वाटतं की बेंजोची एक रात्र पालिकेच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावी, आणि निवेदकाने वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव घ्यावं. हळदीत आजपर्यंत कुणी ढोलकीवाल्याचं नाव विचारलेलं मी पाहिलेलं नाही.

हे शहर ज्या ९५ गावांच्या जमिनीवर उभं राहिलं, ती भातखाचरं आणि मिठागरं आता इमारतींखाली आहेत. १९७० मध्ये सिडको आली, मग आमच्यासारखी कुटुंबं आली, आम्हाला घरं मिळाली. गाववाल्यांकडे त्या आधीच्या दिवसांचं जे शिल्लक आहे त्यातलं बरंचसं धवल्यांत आणि या वाजवण्यात आहे. त्यांच्याच गावात राहून आम्ही त्याला 'किती तो आवाज' म्हणून खिडक्या लावणार असू, तर मला ते पटत नाही.

आणखी एक, पैशांचं. गेल्या वर्षी एका सोसायटीच्या विसर्जनाला वाजवलेल्या पथकाला ठरलेली बिदागी दिवाळीपर्यंत मिळाली नव्हती. कॅटररला आगाऊ, डेकोरेशनवाल्याला आगाऊ, आणि भर पावसात पाच तास वाजवणाऱ्यांना "बघू, हिशेब व्हायचाय." हे मला त्या पोरांपैकी एकाने अजिबात तक्रारीच्या सुरात न सांगता सांगितलं. मला मात्र संताप आला. वाद्याच्या तारा तुटतात, चामडं बदलावं लागतं, टेम्पोचं भाडं रोख द्यावं लागतं. मंडळं आणि सोसायट्यांनी निदान निम्मी रक्कम सुपारी देतानाच द्यावी आणि उरलेली वाजवून झाल्यावर त्याच रात्री.

आमच्या सोसायटीच्या गणपतीसाठी मी प्रस्ताव दिलाय. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी क्लब हाउसमध्ये गावातल्या बेंजो पथकाचा कार्यक्रम, सात ते साडेआठ. ट्रॉली नाही, दोन साधे स्पीकर. खुर्च्या गोलात मांडायच्या आणि मुलांना पुढे बसवायचं, म्हणजे बोटं दिसतील. शेवटची पंधरा मिनिटं ज्याला वाद्य हातात घेऊन बघायचंय त्याच्यासाठी. बिदागी आधी. कमिटीतल्या दोघांचा अजून विरोध आहे, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. होकार आला की तारीख इथेच टाकते. सोसायटीबाहेरच्यांनीही या, फक्त आधी कळवा, म्हणजे तेवढ्या खुर्च्या मागवता येतील.