गुटगुटीत पिढीसाठी सार्वजनिक कार्यक्रम

मूल लठ्ठ करणं एकट्या आईबापांच्या आवाक्यातलं काम नाही. त्यांना नोकऱ्या असतात, जमेल तेवढं ते करतातच, पण गाव करी ते राव न करी. तेव्हा जबाबदारी सगळ्यांनी वाटून घ्या.

सुरुवात सोसायटीच्या वार्षिक सभेपासून करा. मोकळी जागा दिसली की पार्किंगचे पट्टे मारून टाका. उरलेल्या तुकड्यात लॉन लावा आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी ठोका. पोरांचा बॉल कधीतरी कुणाच्या गाडीच्या काचेला लागणारच. त्या दिवसाची वाट बघा आणि बॉल जप्त करा. मग दुपारी झोपमोड होते म्हणून, संध्याकाळी वॉक घेणाऱ्या ज्येष्ठांना धक्का लागतो म्हणून आणि सातनंतर अंधार पडतो म्हणून खेळ बंद. (ज्येष्ठांना वॉक डॉक्टरांनी सांगितलेला असतो. शुगर वाढलीये.) ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं हुंदडावं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणू दे. ती काही आपल्या सोसायटीची सभासद नाही.

शाळेने पीटीचा तास वेळापत्रकात जरूर ठेवावा आणि गणिताच्या बाईंना देऊन टाकावा. पोर्शन राहिलेलाच असतो. सीबीएसईने २०२५ मध्ये परिपत्रक काढून शाळांना साखरेचे फलक, म्हणजे कशात किती साखर असते ते सांगणारे फलक, लावायला सांगितलं. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी १३ टक्के साखरेतून येतात, यायला हव्यात ५ टक्के, असं त्या परिपत्रकात होतं. फलक लावाच, अगदी रंगीत लावा. कॅन्टीनच्या काउंटरवर टांगलात तर क्रीमरोलच्या रांगेतल्या मुलांना वाचायला वेळही मिळेल.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला बंदी केली आहे. घाबरू नका. टेप घेऊन कोण येतंय! आलाच कुणी, तर गाडी एक्कावन्नाव्या मीटरवर ढकलायची. चाकं कशाला दिलीत तिला?

नातेवाइकांनी दर भेटीत ‘अगंबाई, किती वाळलाय!’ म्हणणं बंधनकारक आहे, मूल कसंही दिसो. रडला की बिस्कीट, गप्प बसला की चॉकलेट. मार्क पडले की पिझ्झा, नाही पडले तरी पिझ्झा, बिचारा हिरमुसलाय. आजोबांच्या चहात दुसरा चमचा पडू न देणाऱ्या आजीनेच कोल्ड्रिंकची ३०० मिलीची बाटली फ्रीजमधून काढून नातवाच्या हातात द्यावी. तिच्यात आठेक चमचे साखर असते, पण ती ढवळताना दिसत नाही.

नगरसेवकांना वेगळं सांगायला नको. खेळाचं मैदान लग्नसराईत मांडवाला, पावसाळ्यात चिखलाला आणि निवडणुकीत सभेला ते देतातच.

एवढं सगळं नीट पार पडलं की एक दिवस डॉक्टर मुलाला वजनकाट्यावर उभं करतील आणि भुवया उंचावतील. त्या वेळी सोसायटी, शाळा, आत्या, काका, नगरसेवक, सगळ्यांनी एकमुखाने आईकडे बघायचं. ‘नोकरी करते ना ती, डब्याकडे लक्ष कोण देणार?’