‘मरणारच आहे, मग सोडायचा कशाला?’

सप्टेंबर लागला की सिएटलकडच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सॅमनचा एक मेसेज हमखास फिरतो. यंदा मला तो तीन ठिकाणांहून आला. सारांश असा: नदीतला जंगली सॅमन काय नि हॅचरीचा, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रातला काय, मासा एकच, हॅचरीची खूण म्हणून पाठीवरचा छोटा पर कापलेला असेल तरच ठेवायचा हा निव्वळ सरकारी खुळचटपणा, अंडी घालून तो मरणारच, मग सोडायचा कशाला, गळाला लागून सोडलेला मासा तसाही वाचत नाही, मासे कमी पडले तर हॅचऱ्या वाढवा, पण हॅचरीचा मासा विकत घेऊ नका, तो फार्मचा, केमिकलवाला. शेवटी ‘सॅमन म्हणजे आपला रावसच’ आणि ‘पुढे पाठवा’.

‘मासा एकच’ आणि ‘हॅचरीचा केमिकलवाला’ ही दोन्ही वाक्यं एकाच मेसेजात आहेत, हे पाठवणाऱ्यांपैकी कुणाला खटकलं नाही याचं मला नवल वाटतं.

रावसाचं आधी उरकतो. दुकानात त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात एवढंच. त्याचं कूळ वेगळं, गळ्याखाली दोऱ्यांसारखे तंतू असतात. सॅमनशी त्याचं लांबचंही नातं नाही. कालवण दोघांचंही होतं, मान्य.

आता फार्म आणि हॅचरी. हॅचरीत अंडी उबवतात, पिल्लांना काही महिने, कोहो या सॅमनच्या जातीच्या बाबतीत साधारण दीड वर्ष, खाऊ घालतात आणि नदीत सोडतात. पुढे तो मासा समुद्रात स्वतःच्या हिमतीवर वाढतो आणि जगला तर परत येतो. फार्मचा मासा विक्रीला निघेपर्यंत पिंजऱ्यातच पोसला जातो, आणि तो बहुतेक वेळा अटलांटिक जातीचा असतो. ऑगस्ट 2017 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या सायप्रेस बेटाजवळ असाच पिंजरा तुटून दोन लाखांहून जास्त अटलांटिक सॅमन बाहेर पडले. त्यानंतर 2018 मध्ये वॉशिंग्टन राज्याने परक्या जातींची ही शेती बंद करायचा कायदा केला. हॅचऱ्या त्या आधीही होत्या, आजही आहेत. गंमत म्हणजे अलास्काने 1990 मध्ये मत्स्यशेतीवर बंदी घातली, पण तिथे हॅचऱ्या मोठ्या प्रमाणावर चालतात. म्हणजे ‘वाइल्ड अलास्कन’ असं लेबल बघून आपण समाधानाने घेतलेला मासा हॅचरीत जन्मलेला असू शकतो.

मग दोघे एकच की काय? ताटात, बहुतेक हो. नदीत नाही. हॅचरीत कुठली मादी कुठल्या नराशी, हे बादली धरणारा माणूस ठरवतो. गोट्यांमध्ये घरटं खणणं नाही, पुराशी झुंज नाही, बगळ्याची भीती नाही; वरून दाणे पडतात आणि पिल्लं सावली बघून पळायच्या ऐवजी सावलीकडे धावतात. तिथे जगायला लायक ठरणारा मासा नदीत लायक ठरेलच असं नाही. ओरेगॉनच्या हूड नदीत सॅमनच्या जवळच्या भाऊबंदावर, स्टीलहेडवर, झालेला आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की हॅचरीत काढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत वंश वाढवायची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. दिसायला सख्खे भाऊ, पण एकाला घर चालवता येतं आणि दुसऱ्याला येत नाही, असा प्रकार.

‘मरणारच आहे’ हा मुद्दा मात्र चटकन पटतो. मलाही पहिल्या वर्षी पटला होता. पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतो हे खरंच. पण मेसेज लिहिणाऱ्याने ‘घातल्यावर’ या शब्दाकडे नीट बघितलेलं नाही.

मागच्या ऑक्टोबरात काउलिट्झ नदीवर होतो. सिएटलहून दक्षिणेला दोनेक तास. पहाटेचं धुकं, गुडघाभर पाणी, बोटं बधिर. जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, हलकेच झटकत होतो तेवढ्यात काठी वाकली. दहा मिनिटांनी मासा जवळ आला: कोहो, मादी, गाल नुकते तांबूस व्हायला लागलेले, पोट टच्च. पाण्यातून वर न काढता पाठीवरून अंगठा फिरवला. पाठीचा मोठा पर आणि शेपटी यांच्या मधे नखाएवढा मऊ पर असतो, ॲडिपोज फिन. हॅचरीत पिल्लांचा तो कापतात, तिथे फक्त गुळगुळीत व्रण राहतो. माझ्या अंगठ्याला पर लागला. जंगली. गळाला उलटा काटा नव्हता, पकडीने धरून फिरवला की सुटला. ती प्रवाहाकडे तोंड करून क्षणभर थांबली आणि गेली.

कुठे गेली? थोडं वर गेलं की हॅचरीचा बांध आहे. तिथे शिडीने चढणारे मासे वेगळे करतात. पर असलेल्यांना टाकीच्या ट्रकमध्ये घालून मेफील्ड (1963) आणि मॉसीरॉक (1968) या दोन धरणांच्या वर नेऊन सोडतात, कारण धरणांनी त्यांचा रस्ता अडवला आहे. म्हणजे बाळंतपणाला माहेरी जायचं तेही ट्रकने. तिच्या पोटात अडीच-तीन हजार अंडी असणार. त्यातली बहुतेक मरतात, पण जी जगतात ती नदीतच घडलेली असतात. तिला मी घरी आणली असती तर आम्हाला दोन दिवस गाबोळी मिळाली असती. कोलंबिया नदीच्या खालच्या भागातले कोहो, ज्यांत काउलिट्झचे येतात, 2005 पासून संकटग्रस्तांच्या केंद्रीय यादीत आहेत. आणि जे अंडी घालून मरतात त्यांचंही कलेवर वाया जात नाही. ओढ्यातले किडे ते खातात आणि पुढच्या वर्षीची पिल्लं ते किडे खातात.

सोडलेले काही मासे मरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमिष गिळून गळ कल्ल्यात गेला आणि रक्त लागलं तर आशा कमीच. म्हणून तर अनेक नद्यांवर बिनकाट्याचा एकच गळ लागतो, आणि सोडायचा सॅमन पाण्याबाहेर पूर्ण उचलायला वॉशिंग्टनच्या नद्यांवर बंदी आहे. फोटोसाठी छातीशी धरून उभे राहणारे आपले काही वीर हा नियम दर रविवारी मोडतात. सोडून मरणाऱ्यांचा वाटा कोटा ठरवतानाच हिशेबात धरलेला असतो. काही मरतात म्हणून सगळेच मारा, हे गणित मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

हॅचऱ्या वाढवा? वाढवून झाल्या आहेत. सिएटलजवळच्या इसाक्वाची हॅचरी 1936 ची. दर ऑक्टोबरात आपण पोरांना खांद्यावर घेऊन काचेतून मासे बघतो तीच. कोलंबिया नदीवर धरणांची भरपाई म्हणून केंद्र सरकार 1938 च्या मिचेल कायद्यापासून पैसा ओततंय. तरीही सिएटलजवळच्या प्यूजेट साउंड खाडीतले जंगली चिनूक (सॅमनची आणखी एक जात) 1999 मध्ये संकटग्रस्त ठरले. हॅचरी नसती तर शरदातली आपली मासेमारी बहुतेक बंदच पडली असती, आणि 1850 च्या दशकातल्या तहांनी मूळनिवासी जमातींना दिलेला मासेमारीचा हक्कही कागदावरच राहिला असता. पण ओढ्याचं पाणीच मारक असेल तर हॅचरीचा मासाही मरतो. सिएटलच्या ओढ्यांत पावसानंतर कोहो अंडी घालण्याआधीच का तडफडून मरतात, त्याचं कारण 2020 मध्ये सापडलं: टायरच्या रबरातल्या एका रसायनापासून बनणारं विष. ते पर कापलाय की नाही बघत नाही.

एक मुद्दा मात्र मेसेजला देतो. पर शाबूत म्हणजे मासा जंगलीच, असं दर वेळी नसतं. काही हॅचऱ्या थोडी पिल्लं मुद्दाम पर न कापता, नाकात मिलिमीटरभर तारेची खूण घालून सोडतात. ती यंत्रानेच कळते, अंगठ्याला नाही. आणि काही नद्यांवर, मासा भरपूर आला त्या वर्षी, पर असलेला कोहोही ठेवता येतो. नदीगणिक, वर्षागणिक नियम बदलतो, कधी हंगामाच्या मध्येच. म्हणून निघायच्या आदल्या रात्री राज्याच्या मत्स्यविभागाचं पान उघडून बघा. मागच्या वर्षीचा फॉरवर्ड उपयोगाचा नाही.