पॉइन्सेटिया बेथलेहेमचा नव्हे, मेक्सिकोचा

डिसेंबर लागला की पॉइन्सेटियाच्या छायाचित्रासह एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. येशूच्या जन्मरात्री हे फूल बेथलेहेममध्ये उमलले, त्याच्या लाल पाकळ्या म्हणजे ख्रिस्ताच्या रक्ताची खूण, त्याचे एक पान खाल्ले तरी मूल दगावते आणि ते आपोआप नाताळातच फुलते हा दैवी संकेत होय, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते. श्रद्धेच्या नावावर चुकीची माहिती पसरावी, हे मला पटत नाही.

बेथलेहेमचा दावा मुळातच टिकत नाही. हे झुडूप मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले आहे, आणि अमेरिकेतील वनस्पती १४९२ नंतरच जुन्या जगात पोहोचू लागल्या. नाताळाशी त्याचे नाते मेक्सिकोत स्पॅनिश अमलात जुळले. तिथे आजही त्याला ‘नोचेबुएना’, म्हणजे नाताळची पूर्वरात्र, असेच म्हणतात. बाळ येशूला वाहायला काहीच नसलेल्या गरीब मुलीने रस्त्याकडेचे तण वेदीवर ठेवले आणि त्याची लालभडक फुले झाली, अशी तिथली लोककथा आहे. ती लोककथा म्हणूनच सांगितली जाते, म्हणून मला ती अधिक भावते. पॉइन्सेटिया हे नाव तर १८२५ ते १८२९ या काळात मेक्सिकोत अमेरिकेचे राजदूत असलेल्या जोएल पॉइन्सेट यांच्यावरून पडले.

लाल रंगात रक्ताची खूण पाहणे हा भाविकाचा अधिकार आहे. बायबलमध्ये मात्र या झाडाचा उल्लेख नाही. शिवाय त्या पाकळ्याही नव्हेत. बोगनवेलीप्रमाणे ती रंगीत पानेच आहेत. खरी फुले मधोमध दिसणाऱ्या हिरव्या-पिवळ्या इवल्या पेल्यांत असतात.

विषाची भीती अतिरंजित आहे. शेर आणि थोर यांच्याच कुळातले हे झाड असल्याने पान खुडताच पांढरा चीक येतो. तो त्वचेला झोंबतो, पोटात गेल्यास मळमळ किंवा उलटी होऊ शकते, पण एका पानाने मूल दगावत नाही.

राहिला दैवी संकेत. सप्टेंबरअखेर आपल्याकडे रात्र १२ तासांहून मोठी होऊ लागते, आणि अशा लांब, अखंड अंधाराच्या रात्री सुमारे ८ ते १० आठवडे मिळाल्या की या झाडाची शेंड्याकडची पाने लाल होतात. हिशेब थेट डिसेंबरात येऊन पोहोचतो. दक्षिण गोलार्धात लांब रात्री जून-जुलैच्या हिवाळ्यात येतात, म्हणून ज्या ब्रिस्बेन शहराचे हे मानचिन्ह-फूल आहे तिथे ते हिवाळ्यात रंगते आणि ऐन नाताळात अंगणातले झाड हिरवेच असते. इतक्या दूरही जायला नको. रस्त्यावरच्या दिव्याखाली वाढलेले झुडूप नीट पाहावे: दिव्याकडच्या फांद्या हिरव्याच राहतात, आणि भिंतीच्या सावलीतल्या लालबुंद झालेल्या असतात.