लिंकवर क्लिक करायचंय? आधी जावास्क्रिप्ट शिका

बँकेच्या नावाने मेल आलाय, आत लिंक आहे आणि तुम्ही सरळ क्लिक करताय? छे छे. आधी ब्राउझरच्या वरची पत्त्याची पट्टी, म्हणजे ॲड्रेस बार, बघायचा हो, एकेक अक्षर वाचायचं, आणि पत्ता अगदी बरोबर निघाला की मग खरं घाबरायचं.

डिसेंबर २००३ आठवतोय? तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्ये अशी सोय होती की लिंकमध्ये आधी बँकेचा पत्ता लिहायचा, मग %०१ (एक न दिसणारं चिन्ह), मग @ आणि त्यापुढे आपली भामटी साइट, की बार %०१ च्या पुढचं काही दाखवायचाच नाही. पान चोराचं आणि वर पाटी बँकेची! त्यावर मायक्रोसॉफ्टने मोलाचा सल्ला दिला, लिंकवर क्लिकच करू नका, पत्ता हाताने टाइप करा. आणि शंका आलीच तर बारमध्ये जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली एक ओळ टाइप करा, ब्राउझर खरा पत्ता सांगेल. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं बरं का, तुम्हालाच नीट विचारता येत नव्हतं. दुरुस्तीचा पॅच आला फेब्रुवारी २००४ मध्ये, तोवर घरोघरच्या आज्यांनी ती ओळ पाठ केली असेलच.

नाहीतर एकदम मठ्ठ ब्राउझर वापरा. २००५ मध्ये पैसे पाठवायच्या पेपाल साइटच्या नावात, इंग्रजी a सारखाच दिसणारा रशियन लिपीतला 'अ' घालून फायरफॉक्स, ऑपेरा, सफारी सगळ्यांना गंडवता आलं, एक्सप्लोरर मात्र वाचला, कारण त्याला इंग्रजीपलीकडची लिपी पत्त्यात कळतच नव्हती. अडाणी असण्याचे पण फायदे असतात राव.

२०१७ मध्ये तर एकाने 'ॲपल' हे अख्खं नाव त्याच लिपीत लिहून दाखवलं, सुरक्षित असल्याचं हिरवं कुलूप पण मिळवलं. क्रोमने दुरुस्ती केली. फायरफॉक्सचं म्हणणं, साइटची नावं विकणाऱ्या कंपन्यांनीच हे बघावं. पण तुम्हाला एवढीच काळजी असेल तर सेटिंग आहे ना, अबाउट-कॉन्फिग हे फायरफॉक्सचं आतलं सेटिंगचं पान उघडा, शेकडो नोंदींतून प्युनीकोडवाली (परकी लिपी इंग्रजी अक्षरांत उघडी करून दाखवणारी) शोधा आणि ट्रू करा. हे तर कुणीही चहा पिता पिता करेल.

आणि मोबाइलवर? तिथे काळजीच नको, खाली स्क्रोल केलं की क्रोमचा बारच निघून जातो. २०१९ मध्ये एका डेव्हलपरने दाखवलं की त्या रिकाम्या जागी पानच स्वतःचा खोटा बार काढू शकतं, बँकेच्या पत्त्यासकट. तेव्हा क्लिक तर आपण बंद केलंच आहे, आजपासून स्क्रोल पण बंद.