पाँटो, मागे एक इसम

परवा एका इंग्लिश बाईंनी माझ्या तळहातावर दोन पौंडांचं नाणं ठेवलं आणि म्हणाल्या, "चहा घ्या." मी चक्क थँक यू म्हणालो. या देशात राहून एवढं अंगवळणी पडलंय की अपमान आपला झाला तरी समोरच्याला अवघडल्यासारखं होता कामा नये.

हे घडलं एका लिलावघरात. बायकोला महोगनीचं खणांचं कपाट हवं होतं. आजोबा-पणजोबांच्या काळचं असलं जड लाकडी सामान हल्ली इथे कुणालाच नको असतं, त्यामुळे ते प्लायवूडच्या भावात मिळतं. लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला ठेवतात. बायको खण ओढून बघायला लागली आणि मी भिंतीवरचे कुत्रे बघायला लागलो.

भिंतभर कुत्रे होते. तैलरंगातले, सोनेरी चौकटीतले. मांडीवर बसणारे लाडोबा नव्हेत, शिकारीच्या कामावरचे: फॉक्सहाउंड, सेटर, स्पॅनियल. जुनं वार्निश पिवळं पडल्यामुळे सगळ्यांना कावीळ झालेली. मधोमध एक पांढरा पॉइंटर, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, पुढचा एक पाय उचललेला. खाली पितळी पट्टी: पाँटो, १८४७. कॅटलॉगात आणखी तपशील होता. पाँटो, डॉनपासून जुनोच्या पोटी जन्मलेला, मागे एक रखवालदार. चित्रकाराच्या जागी 'इंग्लिश स्कूल'. म्हणजे चित्र कुणी काढलं ते ठाऊक नाही, पण काढणारा इकडचाच असावा. कुत्र्याच्या आईबापांची नावं आहेत, चित्रकाराचं नाही. आणि तो शिकारीच्या रानाचा रखवालदार! बंदूक घेऊन लांब झाडाखाली उभा, नाकडोळे रंगवायचीही कुणी तसदी घेतलेली नाही.

"जरा खाली काढता का हा? मला मागची बाजू बघायचीय."

मागे बाई. मेणकापडाचं खाकी जाकीट, गमबुटांना ओला चिखल, बगलेत केसाळ टेरियर. आता माझ्या अंगावर लिलावघराचा एप्रन नव्हता. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. हातात तर कॅटलॉग होता, पाच पौंड देऊन विकत घेतलेला. त्या दालनात तेव्हा आठ-दहा माणसं तरी असतील आणि एप्रनवाला खरा हमाल दाराशी कप घेऊन उभा होता. तरी बाईंची नजर सगळ्यांवरून फिरून माझ्यावरच का थांबली, हे मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांतल्या ज्यांना कळायचं त्यांना कळलंय.

घरी पंखा पुसायला सांगितला तर माझी पाठ धरते. पाँटोला मात्र मी चौकटीसकट खाली काढला. त्या सोनेरी चौकटी आतून लाकूड आणि प्लॅस्टरच्या असतात, वजनाला भरभक्कम. बाई म्हणाल्या, "छातीशी धरा. अं हं, उलटा. आता हलू नका." मग त्यांनी खिशातून अतिनील किरणांचा टॉर्च काढला.

जाणकार लोक चित्र पुढून बघतच नाहीत. मागच्या पट्ट्यांचं लाकूड किती जुनं, कॅनव्हास विकणाऱ्या दुकानाचा शिक्का आहे का, फाटक्या कॅनव्हासला मागून दुसरा चिकटवलाय का, हे आधी. मग सुलट करून टॉर्च. त्या उजेडात जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि नंतर कुणी रंगाची डागडुजी केली असेल तर तेवढी जागा काळी दिसते. बाईंनी नाकापासून सुरुवात केली. मान ठीक. पाठ ठीक. पोटाशी थोडं काम. मग टॉर्च मागे गेला आणि बाई थिजल्या.

"शेपूट नवीन आहे."

मला म्हणे. मीच रात्रीतून बसवल्याच्या सुरात.

"पॉइंटरची शेपूट सरळ हवी. ही बघा, वर वळलीय. रंगवणाऱ्यानं पॉइंटर बघितला तरी होता का? काय म्हणाल?"

मी काय म्हणणार? चौकटीची कड हनुवटीत रुतत होती. "शोभत नाही," मी म्हणालो. यावर बाई एकदम खूश झाल्या आणि टेरियर जमिनीवर सोडून त्यांनी माझी शिकवणीच घेतली. पॉइंटर पक्षी कुठे दडलाय ते पाय उचलून दाखवतो. सेटर तेच काम दबून करतो. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उडवतो. साहेब गोळी झाडतो. पडलेला पक्षी रिट्रीव्हर उचलून आणतो. थोडक्यात सरकारी कचेरी: एक बोट दाखवणार, एक फाइल हलवणार, एक आणून देणार, आणि श्रेय जाणार खुर्चीला. पॉइंटर आणि सेटर यांचा मान इतका की १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं ते फक्त या दोन जातींचं, आणि बक्षीस म्हणून बंदूक. अर्थात मालकाला.

टेरियर एव्हाना माझ्या बुटाची नाडी चावत होता. हात मोकळे नव्हते.

बाई राणी व्हिक्टोरियावर आल्या. राणीच्या नवऱ्यानं, म्हणजे प्रिन्स अल्बर्टनं, जर्मनीहून येताना इऑस नावाची ग्रेहाउंड कुत्री बरोबर आणली होती. राणीनं एडविन लँडसियरकडून तिचं चित्र काढून घेतलं आणि १८४१च्या नाताळात नवऱ्याला भेट दिलं. चित्रात अल्बर्ट नाही. त्याची उंच टोपी आहे, हातमोजे आहेत, आणि कुत्री. पुढे महिन्याभरात शिकारीत राणीच्या मामांच्या हातून इऑसला चुकून गोळी लागली; ती वाचली. हे सांगताना बाईंचा आवाज कापला. लँडसियरला पुढे सरदारकी मिळाली, लंडनच्या ट्रफाल्गर चौकातले सिंहही त्याचेच. फ्रान्सचा राजा चौदावा लुई तर राणीच्याही वरताण. देपोर्त नावाच्या चित्रकाराला तो शिकारीला बरोबर न्यायचा, आणि चित्रातल्या प्रत्येक कुत्रीशेजारी तिचं नाव सोन्याच्या अक्षरांत. बॉन, नॉन, पॉन.

"तुमच्याकडे असतात का शिकारी कुत्रे?"

आता माझाही मराठी बाणा जागा झाला. मी चित्राच्या वरून मान काढून म्हणालो, कारवानी! लातूरकडे या. सडपातळ, लांब तोंडाचा, सशामागे सुटला की दिसत नाही. मुधोळच्या घोरपडे राजांनी तुमच्या पाचव्या जॉर्जला याच कुत्र्यांची जोडी भेट दिली होती असं सांगतात.

"असं? मग त्यांचं चित्र कुठंय?"

एवढ्यात बायको आली. तिनं मला बघितलं, पाँटोला बघितलं, बाईंना बघितलं. "काय करतोयस?" "धरलंय." "का?" या प्रश्नाचं उत्तर मराठीतून द्यायला हरकत नव्हती, पण बाई ऐकत होत्या. बायकोनं बाईंना गोड हसून सांगितलं की हा माझा नवरा आहे. बाई म्हणाल्या, "अरे वा, दोघंही इथेच काम करता?"

त्यानंतर ते नाणं.

घरी आल्यावर मी या चित्रांत माणसं शोधत बसलो. रात्री दोनपर्यंत. घोड्यांच्या, कुत्र्यांच्या चित्रांचा मोठा माणूस म्हणजे जॉर्ज स्टब्ज. त्यानं १७९२ साली काढलेल्या एका फॉक्सहाउंडचं नाव रिंगवुड. दोनशेहून जास्त वर्षं झाली तरी ते कुणी विसरलेलं नाही. त्याचा हॅम्बल्टोनियन नावाचा शर्यतीचा घोडाही जगप्रसिद्ध. त्या घोड्याला धरून उभी असलेली, त्याला पुसणारी दोन माणसं आपल्याकडेच बघतायत, पण चित्राच्या नावात ती नाहीत. न्यायाला धरून एक उलटंही सांगितलं पाहिजे: १८००च्या एका चित्रात क्लॅरेंडनच्या अर्लचा फ्रीमन नावाचा रखवालदार आहे, नावासकट, आणि त्यात कुत्राच बिननावाचा. मी त्या फ्रीमनकडे बराच वेळ बघत होतो. बाकी सगळा कारभार मागे एक रखवालदार, बाजूला एक मोतद्दार. कुत्र्यांवर माझा राग नाही. पाँटोनं मला काही केलेलं नाही. पण ज्यानं त्याला भाकरी घातली, गोचीड काढले, थंडीत पहाटे फिरवला, त्याला चित्रात उभा करायचा आणि वर तोंडही द्यायचं नाही, ही कंजुषी कसली? रंग महाग होता?

लिलाव ऑनलाइन बघितला. पाँटो नव्या शेपटीसकट अंदाजाच्या दुपटीला गेला, वर लिलावघराचं कमिशन आणि त्यावर कर. बाईंनीच घेतला असणार. आम्हाला कपाट ऐंशी पौंडांत मिळालं. पावती आली ती 'मिस्टर देश' या नावानं. आमचं आडनाव देशपांडे. नोंदणीच्या वेळी मी एकेक अक्षर सुटं सांगितलं होतं आणि मुलीनं मान डोलावली होती. मी फोन केला. म्हटलं, नाव अर्धवट पडलंय, दुरुस्त करून द्या.

"काही काळजी करू नका," मुलगी अतिशय प्रेमानं म्हणाली, "नाव लागत नाही. तुम्ही फक्त कपाटाचा नंबर सांगा."