हेरांना हेरगिरी सोडून सगळं येतं

जपानी मालिका बघताना मेथी निवडता येत नाही. आपल्या मालिकांची हीच तर खरी सोय असते. मान खाली घालून जुडी निवडत बसावं, कानावर ढॅण ढॅण आलं की वर बघावं, तिथे तिघांचे चेहरे तीन-तीनदा दाखवून होतात, तेवढ्यात पुन्हा मान खाली. जपानीत तसं चालत नाही. मान खाली गेली की पडद्याखालची इंग्रजी ओळ गेली, आणि ओळ गेली की कोण कुणाला विकतोय हे कळायचा मार्ग बंद. त्यामुळे माझ्या भाच्याने, ओंकारने सुचवलेली ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रांची, मालिका मी रिकाम्या हातांनी, सोफ्यावर ताठ बसून बघितली. एवढा मान मी आजवर कुठल्याही मालिकेला दिलेला नाही.

मालिकेचं नाव 'सेंको नो नाइट रेड'. २०१० सालची, १३ भागांची. काळ १९३१, गाव शांघाय, आणि जपानी लष्कराची 'साकुराई किकान' नावाची गुप्त संघटना. "मावशी, तुला इतिहास आवडतो, हेरकथा आवडतात, हे तुझ्यासाठीच केलंय बघ," असं म्हणून ओंकारने लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला आणि वर रोज संध्याकाळी फोन करून "कितव्या भागावर आलीस?" हे विचारायचं व्रत घेतलं. मालिका अर्धवट सोडता न येण्याचं कारण हे. मुलं आपण सांगितलेलं काही बघत नाहीत, पण त्यांनी सांगितलेलं आपण बघितलं नाही तर त्यांना लागतं.

आणि खरं सांगते, '१९३१, शांघाय' एवढं ऐकूनच मी निम्मी गार झाले होते. हेरकथेसाठी याहून चांगलं गाव जगाच्या पाठीवर त्या काळी नव्हतं. एका शहरात तीन राज्यं. इंग्रज-अमेरिकनांची आंतरराष्ट्रीय वसाहत, तिचे पोलीस वेगळे, त्यांत आपले पगडीवाले शीख शिपाईही. शेजारी फ्रेंचांची वसाहत, तिचे कायदे वेगळे. बाहेर चिनी शहर. म्हणजे इकडे गुन्हा करून रस्ता ओलांडला की तिकडचा पोलीस हात हलवत परत जाणार. क्रांतीतून पळून आलेले रशियन, अफूचे धंदे, टोळ्यांचं राज्य, आणि उतरायला पासपोर्ट-व्हिसाची कटकट नाही. सोव्हिएत संघाचा हेर रिचर्ड झोर्गे त्या वर्षी तिथेच पत्रकार म्हणून मिरवत होता. होत्सुमी ओझाकी हा जपानी वार्ताहर त्याला तिथेच भेटला आणि पुढे टोकियोत त्याचा उजवा हात झाला. दोघांना एकत्र आणणारी ॲग्नेस स्मेडली ही अमेरिकन बाई त्याआधी बर्लिनमध्ये सरोजिनी नायडूंच्या भावाबरोबर, वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांबरोबर, संसार करून आलेली. एवढी माणसं एका गावात! यांतलं कुणीतरी गल्लीच्या कोपऱ्यावरून वळून येईल म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसले होते.

आले ते भलतेच चौघे. आओई, काझुरा, युकिना आणि नात्सुमे.

आओई व्हायोलिन वाजवतो आणि हात न लावता वस्तू हलवतो. काझुरा इथे अदृश्य होऊन तिथे प्रकट होतो. युकिना मनातल्या मनात बोलते, आणि ते बाकीच्यांना ऐकू येतं. नात्सुमे हा युकिनाच्या घरचा जुना इमानी नोकर, त्याला दूरचं आणि भिंतीपलीकडचं दिसतं. हे कळलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण हेरगिरी म्हणजे शेवटी काय? बंद दाराआड काय चाललंय ते कळत नाही, म्हणून माणूस मोलकरणीशी गोड बोलतो, कचऱ्यातले कागद चिकटवतो, खोट्या नावाने क्लबात जाऊन न आवडणारी दारू पितो. इथे नात्सुमे बाहेरूनच बघणार, काझुरा दार न उघडता आत जाणार, आओई कागद उचलणार, युकिना सगळ्यांना कळवणार. झालं काम! एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा. काम चार मिनिटांत उरकतं. उरलेल्या वीस मिनिटांत हे चौघे खिन्न होतात. कुणी नदीकडे बघून होतो, कुणी पावसाकडे बघून.

सासूबाई सुरुवातीला जप करता करता बघत होत्या. मी इंग्रजी ओळी वाचून त्यांना मराठीत सांगत होते, म्हणजे हात रिकामे होते तरी तोंडाला काम होतंच. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग माळ थांबवून म्हणाल्या, "अगं, ह्यांना एवढं सगळं येतंय, तर हे दुसऱ्याच्या नोकरीत कशाला राबतायत?"

मला उत्तर सुचलं नाही. मालिकेलाही १३ भागांत सुचलेलं नाही.

आपण मराठी माणसं या बाबतीत जरा बिघडलेली आहोत हेही खरं. बहिर्जी नाईक लहानपणापासून कानावर पडलेला. त्याच्याबद्दल पक्कं म्हणावं असं किती थोडं ठाऊक आहे! वेषांतराच्या गोष्टी शंभर, कागद मोजके. सभासदाच्या बखरीत तो येतो तो सुरतेहून. येऊन महाराजांना सांगतो की सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल. बस्स. बालपणी काय झालं, व्हायोलिन कुणी शिकवलं, पावसात उभं राहिल्यावर काय वाटतं, एक अक्षर नाही. आला, सांगितलं, बखरीतून गेला. पुढे १६६४ मध्ये सुरतेचं काय झालं ते सुरतेला विचारा. हेर असा हवा. आमच्या युकिनाबाई मात्र मनातल्या मनात बोलतानासुद्धा चार वाक्यांच्या आत थांबत नाहीत, आणि त्यांतली तीन 'दादा कुठे असेल' याबद्दल असतात.

दादा म्हणजे इसाओ ताकाचिहो, लष्करातून गायब झालेला अधिकारी. तो खलनायक आहे हे मला दुसऱ्या भागात कळलं, सासूबाईंना त्याचे केस बघून पहिल्याच खेपेला कळलं, युकिनाला बरंच नंतर कळलं. शक्ती कुणाला कशाची द्यावी याचा मालिकेने जरा विचार करायला हवा होता.

माझा खरा राग मात्र पुढेच आहे. १९३१ साली त्या मुलखात जे प्रत्यक्षात घडलं, ते इतकं भन्नाट आहे की कुठल्याही अतींद्रिय शक्तीची त्याला गरज नाही. चीनच्या ईशान्येकडच्या मंचुरियात जपानची रेल्वे होती आणि तिच्या राखणीला क्वांटुंग सेना होती. सेनेतल्या इशिवारा आणि इतागाकी या दोन अधिकाऱ्यांनी ठरवलं की आपल्याच रुळाखाली आपणच बॉम्ब ठेवायचा, नाव चिन्यांचं घ्यायचं, आणि मंचुरिया खिशात घालायचा. टोकियोला याची कुणकुण लागली. त्यांनी आवरायला एक मेजर जनरल धाडला, तातेकावा योशित्सुगु. खिशात पत्र. आता अशा वेळी माणूस कसा जाईल? हा गडी रमतगमत, संथ मार्गाने गेला. १८ सप्टेंबरला संध्याकाळी मुकदेनला, म्हणजे आजच्या शेन्यांगला पोहोचला. स्टेशनवर कटातलाच मेजर हानाया स्वागताला हजर! त्याने पाहुण्याला थेट जपानी उपाहारगृहात नेलं. साके आली, गेइशा आल्या. पत्र खिशात तसंच राहिलं. बाहेर रात्री स्फोट झाला, तोफा धडाडल्या, युद्धाला तोंड फुटलं आणि ते थांबवायला आलेले जनरलसाहेब आत झोपी गेले. खरोखरच लागली होती झोप, की लागून घेतली होती, हा प्रश्न एका पूर्ण भागाला पुरला असता.

आणि तो स्फोट! लेफ्टनंट कावामोतोने रुळाजवळ तो केला खरा, पण इतका बेताचा की रूळ जेमतेम हातभर-दोन हात उडाला. थोड्याच मिनिटांत त्या रुळावरून एक प्रवासी गाडी आली, तुटक्या जागेवरून डुलत पुढे गेली आणि वेळेवर मुकदेनला पोहोचली. आमच्याकडे रुळाला केसाएवढा तडा गेला तर सकाळची अख्खी वाहतूक बोंबलते, आणि इथे बॉम्ब फुटूनही गाडीला उशीर नाही. ज्या कारणासाठी युद्ध पुकारायचं ते कारणच घंटी वाजवत निघून गेलं, तरी युद्ध पुकारलंच. सकाळपर्यंत मुकदेन जपानच्या हातात होतं.

पुढचं तर मला ओंकारला फोनवर सांगतानासुद्धा हसू आवरेना. मंचुरियातल्या नव्या राज्याला एक राजा हवा म्हणून चीनचा पदच्युत सम्राट पुयी तिएन्‌जिनहून गुपचूप हलवायचा होता. नोव्हेंबर १९३१. त्याआधी त्याच्या घरी फळांच्या करंडीतून बॉम्ब आलेला, त्यामुळे महाराज आधीच अर्धमेले. त्यांना मोटारीच्या डिकीत कोंबलं. पुयीनेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की चालक काही फारसा पट्टीचा नव्हता. निघाल्या निघाल्या त्याने गाडी खांबावर घातली आणि सम्राटाचं डोकं डिकीच्या झाकणावर आपटलं. मग जपानी लष्करी कोट आणि टोपी घालून त्याला बोटीत बसवलं. मागून सम्राज्ञीला आणलं ते योशिको कावाशिमाने, जन्माने मांचू राजकन्या, वाढली जपानमध्ये, वावरायची पुरुषी पोशाखात आणि काम हेरगिरीचं. हिच्यापुढे आमच्या चौघांनी काय वाजवावं? व्हायोलिन.

"मावशी, पण ते विनोदी होईल ना," ओंकार म्हणाला. "ही सिरियस मालिका आहे."

हेच तर! सिरियस दिसण्यासाठी मालिकेने जे केलं ते असं. शेवटाकडे दादासाहेब आशियाला गोऱ्यांच्या जोखडातून सोडवायला निघतात. त्यासाठी त्यांच्याकडे भविष्य दिसणाऱ्यांची सोबत आहे आणि नव्या प्रकारचा भयंकर बॉम्ब आहे. एवढं कळल्यावर मी सोफ्यावर सरसावून बसले. कारण इथे एक मोठा, अडचणीचा प्रश्न आहे. 'आशियाची मुक्ती' म्हणत जपानने शेजाऱ्यांच्याच उरावर पाय दिला. ज्याला पुढचं सगळं दिसतंय त्याला हेही दिसणारच, मग तो काय करेल? मालिका त्या प्रश्नापर्यंत जाते, दार ठोठावते आणि दार उघडायच्या आत काझुराने तिला दुसरीकडे नेऊन सोडावं तशी निघून जाते. उरतात डोळ्यांत पाणी, वारा, आणि केस उडणं. केस मात्र फार सुंदर उडतात.

उगाच नावं ठेवायची म्हणून ठेवत नाही. शांघायच्या इमारती, रात्रीचे दिवे, नदीवरचं धुकं इतकं देखणं काढलंय की थांबवून बघावं. आणि चिनी माणूस चिनी बोलतो, रशियन रशियन बोलतो. आमच्याकडे पडद्यावरचा इंग्रज अधिकारी 'टुम लोग' म्हणत हिंदीच बोलत असतो, त्या मानाने ही केवढी मेहनत! फक्त सासूबाईंसाठी चालू असलेल्या माझ्या धावत्या वर्णनाचे त्यात हाल झाले. कोण कुठल्या भाषेत खोटं बोलतोय हे सांगेपर्यंत तो मरून गेलेला असायचा. पुढे पुढे त्यांनीच मला सूट दिली. "तू वाच मनात. मला काय, हा पोरगा रडायला लागला की संपत आलं म्हणून कळतं."

शेवटचा भाग संपला त्या संध्याकाळी फोन आलाच. मी आधीच ठरवून टाकलं होतं की खोटं बोलायचं नाही. तातेकावा, रूळ, डिकी सगळं पुन्हा एकदा ऐकवलं. ओंकार बिचारा शांतपणे ऐकून घेत होता.

"म्हणजे एकही भाग आवडला नाही?"

"सातवा आवडला," मी म्हटलं. सातव्यात मुकदेनचं प्रकरण येतं. रूळ, स्फोट आणि ते घडवून आणणारे गणवेशातले लोक. चौघांच्या करामतींचा तिथे काही उपयोग नसतो. पहिल्यांदा मला वाटलं की आता हे नीट काहीतरी सांगायला लागले.

पलीकडून ओंकार हसला. "मावशी, तोच एक भाग जपानमध्ये टीव्हीवर दाखवला नव्हता. विषय नाजूक, म्हणून तो नुसता इंटरनेटवर सोडला. टीव्हीवर त्या आठवड्यात दुसरंच काहीतरी लावलं होतं."

म्हणजे तेरा भागांच्या मालिकेत लपवाछपवीचं म्हणावं असं नेमकं एकच काम झालं, आणि तेही टीव्हीवाल्यांनी केलं.