संशोधकांचा गौरव कसा करावा?

विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या पोरापोरींचं कौतुक करावं असं तुमच्या मनात आलंय? फार छान. गेल्याच आठवड्यात आमच्या विद्यापीठाने आमचा गौरव केला, त्यामुळे पद्धत ताजी ताजी सांगतो.

आधी फ्लेक्स. त्यावर कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव आणि झालंच तर स्थानिक आमदार. संशोधकाचा फोटो टाकायला जागा उरत नाही, हरकत नाही.

खुर्च्या सत्कारमूर्तींनाच मांडायला लावा.

गाइडच्या घरचं लाइटबिल भरायला जाणं हे फील्डवर्क धरा.

मुलींची विशेष काळजी घ्या. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांत बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ती मागायला कोणी आलीच, तर 'मग ॲडमिशन कशाला घेतली?' असं मायेने विचारा.

पैशाचा विषय मात्र सोहळ्यात काढू देऊ नका. जेआरएफला, म्हणजे सुरुवातीच्या फेलोशिपला महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ, म्हणजे वरची फेलोशिप झाल्यावर ४२,०००. जानेवारी २०२३पासूनचे हे दर भाषणात छान वाजतात. ते खात्यात यायचे, तर हा प्राणी अजून संशोधन करतोय असं विद्यापीठाने दर महिन्याला पोर्टलवर कळवावं लागतं. मेकर माहिती भरणार, चेकर मंजूर करणार. मेकर मॅडम इलेक्शन ड्युटीवर. चेकर सर नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाच्या दर्जातपासणीच्या गडबडीत. आपण गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, शिक्का सगळं घेऊन खिडकीशी जावं, तर 'तारीख गेली, पुढच्या महिन्यात बघू.' पुढच्या महिन्यात दोन्ही महिने एकदम भरता येतील का? 'ते आम्हाला नाही माहीत.' मग कोणाला माहीत? कॅन्टीनवाल्याला? दोन क्लिकचं काम आहे हो! घरमालकाकडे मेकर-चेकर नसतात, एक तारखेला तो एकटाच दारात उभा राहतो. तिशी ओलांडलेल्या माणसाने बापाला फोन करून भाड्याचे पैसे मागायचे, आणि बापाने विचारायचं, 'अरे, तुला तर स्कॉलरशिप आहे ना?'

बार्टी या अनुसूचित जातींसाठीच्या सरकारी संस्थेच्या मुलांना तर फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसावं लागलं. मराठा समाजासाठीच्या सारथी संस्थेच्या फेलोशिपचा विषय डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या अधिवेशनात निघाला, तेव्हा 'पीएचडी करून काय दिवे लावणार?' असंच विचारलं गेलं. लावले की साहेब. परवाच्या दीपप्रज्वलनाची समई आम्हीच घासली, वातीही आम्हीच वळल्या.

बास झालं आता. शाल नको, श्रीफळ नको, कुंडीतलं रोपटं तर नकोच नको. महिन्याच्या महिन्याला नोंद करा. मेकर रजेवर असेल तर दुसरा माणूस नेमा; ते तुमचं काम आहे, आमचं नाही. प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापन संपवा असं यूजीसीचे नियम सांगतात, ते तुम्हीही वाचलेत. मग परीक्षकाला एक फोन करायला हात का दुखतो? आणि स्टेजवर खांद्यावर हात टाकून फोटो काढलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी जिन्यात 'तू कोणत्या डिपार्टमेंटचा रे?' असं विचारता, जरा तरी लाज बाळगा.